जाणत्यांचे ज्ञान आणि कर्त्यांचे काम

ब्रिटिश आरमारातील डॉक्टर जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' या जहाजावर स्कर्व्हीने आजारी पडलेले बारा खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी आठवड्याच्या आत सुधारली. त्यांतला एक कामावर रुजू झाला, दुसऱ्याला बाकीच्या रुग्णांच्या शुश्रूषेला नेमण्यात आले. १७५३ मध्ये लिंड यांचा स्कर्व्हीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आरमाराने लिंबाच्या रसाचे नियमित वाटप मान्य केले ते मात्र १७९५ मध्ये. मधल्या बेचाळीस वर्षांत रोग ठाऊक होता, त्यावरचा उपायही छापून झालेला होता आणि खलाशी मरत होते. जाणकारांचे ज्ञान संस्थेच्या व्यवहारात कसे उतरते आणि पुष्कळदा का उतरत नाही, हा विषय समजून घ्यायला ही बेचाळीस वर्षे फार उपयोगी आहेत.

दिरंगाईचा सगळा दोष आरमारखात्यावर टाकता येत नाही. लिंड यांच्या जाडजूड ग्रंथात या प्रयोगाची हकीकत थोडक्यात आटोपते आणि तिच्याभोवती दमट हवा, पचन, कोंडलेला घाम यांविषयीच्या त्या काळच्या उपपत्तींचा मोठा पसारा आहे. रस टिकावा म्हणून तो आटवून ठेवण्याची कृती लिंड यांनीच सुचवली होती, आणि त्या आटवण्यात रसातला गुण बराचसा निघून जात असे. किती माणसांना किती रस लागेल, तो कोणी विकत घ्यायचा, जहाजावर कोणी वाटायचा, हे ठरवण्याजोगे त्या ग्रंथातून अधिकाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नव्हते.

ही उणीव गिल्बर्ट ब्लेन यांनी भरून काढली. त्यांनी स्कर्व्हीवर नवा शोध लावला नाही. वेस्ट इंडीजमधल्या ताफ्याचे वैद्यकीय प्रमुख असताना त्यांनी जहाजाजहाजावरच्या डॉक्टरांकडून आजारी आणि मृत खलाशांचे मासिक तक्ते मागवले, त्यांची बेरीज केली आणि ती आरमारखात्यापुढे ठेवली. शत्रूच्या तोफांनी पडलेल्यांच्या अनेक पटींनी माणसे आजाराने जात होती. खात्यातल्या वरिष्ठांना रक्ताच्या दोषांची चर्चा कळत नसे, पण ताफा चालवायला माणसे कमी पडतील हे लगेच कळत असे. पुढे १७९४ मध्ये 'सफक' हे जहाज इंग्लंडहून मद्रासला निघाले. तेवीस आठवड्यांच्या त्या प्रवासात खलाशांना रोजच्या रमच्या वाटपातच ठरावीक माप लिंबाचा रस आणि साखर मिसळून दिली गेली. स्कर्व्हीने एकही मृत्यू झाला नाही. रमचे वाटप जहाजावर रोज, ठरल्या वेळी, माप लावून होतच होते आणि ते कोणी चुकवत नसे. ब्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय त्या चालू रिवाजात मिसळला. पुढच्याच वर्षी सर्व आरमारासाठी निर्णय झाला.

तज्ज्ञ जे सांगतो ते बहुधा 'अमुक खरे आहे' या स्वरूपाचे असते. संस्थेला हवे असते ते निराळे: कोणी, केव्हा, कशाने आणि कोणाच्या अधिकाराने करायचे. पहिल्यावरून दुसरे आपोआप निघत नाही. ते कोणीतरी बसून काढावे लागते, आणि ते काम मूळ संशोधनाइतकेच कसबाचे आहे. त्याला प्रतिष्ठा मात्र कमी मिळते. विद्यापीठात ते संशोधन म्हणून गणले जात नाही, कचेरीत ते कारकुनी समजले जाते. परिणामी दोन्हीकडचे लोक ते दुसऱ्यावर सोडतात.

स्कर्व्हीच्या कथेला एक उत्तरार्धही आहे, आणि ज्ञान एकदा व्यवहारात उतरले की ते कायमचे टिकते असे मानणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश आरमाराने भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली छोटी हिरवी लिंबे घ्यायला सुरुवात केली. ती आंबट अधिक होती, म्हणून गुणकारीही अधिक असतील असा समज झाला. प्रत्यक्षात त्यांत स्कर्व्ही रोखणारे द्रव्य, म्हणजे आज ज्याला क जीवनसत्त्व म्हणतात ते, बरेच कमी होते आणि साठवणीत तेही घटत असे. वाफेच्या जहाजांमुळे प्रवास लहान झाले होते, त्यामुळे ही घट कोणाच्या लक्षात आली नाही. १८७५-७६ च्या आर्क्टिक मोहिमेत मात्र रस सोबत असूनही स्कर्व्ही उफाळली. हुकूम तोच होता, वाटपही चालू होते, पण रस नेमका कशामुळे गुण देतो हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून फळ बदलल्याने काय बिघडले हेही कळले नाही. सूचना देताना तिचे कारण जितके माहीत असेल तितके सोबत द्यावे आणि परिणाम मोजणे कधीही थांबवू नये, हे या विषयातले पथ्य त्यातूनच येते.

महाराष्ट्रात या कामाचे सर्वांत विचारपूर्वक झालेले उदाहरण गडचिरोलीत सापडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८६ मध्ये तेथे 'सर्च' ही संस्था उभी केली. अर्भकांच्या मृत्यूंमागे न्यूमोनिया हे मोठे कारण होते आणि त्यावर प्रतिजैविके उपलब्ध होती. अडचण निदानाची होती. छातीचा एक्स-रे गावात नव्हता, डॉक्टरही नव्हता. श्वासाच्या वेगावरून न्यूमोनिया ओळखता येतो, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक असेल तर धोका समजावा, एवढे वैद्यकशास्त्राला माहीत होते. पण गावातल्या सुईणींपैकी अनेकींना साठपर्यंत मोजता येत नव्हते आणि त्यांच्याजवळ घड्याळही नव्हते.

यावर साक्षरतेचा वर्ग हा एक मार्ग होता, पण त्याला वर्षे लागली असती. बंग दांपत्याने त्याऐवजी एक साधन तयार केले. लहानशा चौकटीत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी. लहान बाळांसाठी एक ओळ, मोठ्यांसाठी दुसरी, कारण वयानुसार धोक्याची मर्यादा बदलते. वाळू पडू लागली की बाळाच्या पोटाकडे पाहत श्वास मोजायचे, दहा झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे. वाळू संपण्याआधी ओळीतल्या शेवटच्या लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता येणे एवढीच अट राहिली. यात मूळ शास्त्राला कोठेही धक्का लागलेला नाही. साठची मर्यादा साठच आहे. फक्त ती मोजण्याचा भार माणसाच्या डोक्यातून काढून चौकटीवर ठेवला आहे. ज्ञान सोपे करणे आणि ते पातळ करणे या दोन गोष्टींत लोक फार गल्लत करतात. त्यांतला फरक या मण्यांच्या चौकटीत स्पष्ट दिसतो.

पुढचे पाऊल अधिक अवघड होते. नवजात बाळांतला जंतुदोष रुग्णालयात रक्ताच्या तपासणीने ठरतो. 'सर्च'ने गावोगावच्या बाळांच्या जन्मापासूनच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांवरून आई किंवा आरोग्यदूत सहज ओळखू शकेल अशी मोजकी लक्षणे शोधून काढली. बाळ पहिल्यासारखे रडत नाही, दूध ओढणे कमी किंवा बंद झाले, हातपाय लुळे पडले, पोट फुगले, अंग गार लागते, यांसारख्या सातांपैकी कोणतीही दोन एकदम दिसली तर जंतुदोष समजून उपचार सुरू करायचे. रुग्णालयात नेण्याचा सल्ला आधी द्यायचा, आणि घरचे तयार नसतील तर प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रीने घरीच इंजेक्शन द्यायचे. थोडे शिकलेल्या गावातल्या बाईच्या हाती सुई देणे वैद्यकीय क्षेत्रातल्या अनेकांना पटणारे नव्हते. आक्षेप अगदीच निराधारही नव्हता. त्याला उत्तर म्हणून कडक देखरेख आली: ठरावीक दिवसांनी पर्यवेक्षकाची भेट, प्रत्येक बाळाच्या नोंदीची तपासणी, प्रत्येक मृत्यूची चौकशी. एकोणचाळीस गावांत हे काम चालले. तेथील नवजात मृत्यूदर हजारी ६२ होता, तो १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

२०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू केला. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. प्रसूती घरी झाली असेल तर पहिल्या दिवशी आणखी एक. भेटीचे दिवस, तपासायच्या गोष्टी, भरायचा तक्ता, मिळणारे मानधन, सगळे ठरलेले. गडचिरोलीतल्या पद्धतीचा मोठा भाग यात आला. आशांच्या हाती इंजेक्शन मात्र सर्रास आले नाही. आजारी बाळ ओळखून पुढे पाठवणे हे त्यांचे मुख्य काम राहिले. काही लाख कार्यकर्त्यांवर एका लहान संस्थेइतकी जवळून देखरेख ठेवणे शासनाला शक्य नव्हते, हे लक्षात घेता तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण यातून एक गोष्ट ठळक होते. प्रयोगात जे यशस्वी झाले ते लक्षणे, औषध, प्रशिक्षण आणि देखरेख यांचे मिळून बनलेले होते. त्यातला एक भाग वगळला की बाकीच्याकडून तेच आकडे मिळतील अशी अपेक्षा धरता येत नाही, आणि काय वगळले हे निर्णय घेणाऱ्यांनी उघड सांगितले पाहिजे.

गावातल्या सुईणीला साधन लागते, निष्णात डॉक्टराला लागत नाही, असा समज होणे शक्य आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांनी तो खोटा ठरवला. मानेजवळच्या, छातीतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत घातल्या जाणाऱ्या नळीला रुग्णालयात सगळेच सेंट्रल लाइन म्हणतात. तिच्यातून होणारा जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी तो टाळण्याच्या पाच गोष्टी एकत्र केल्या: हात धुणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, रुग्णाला निर्जंतुक कापडाने पूर्ण झाकून स्वतः मास्क, टोपी, गाऊन आणि हातमोजे घालणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. यांतली एकही गोष्ट कोणत्याही डॉक्टराला नवी नव्हती. २००४ पासून मिशिगनमधल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत ही यादी वापरली गेली. तीन महिन्यांत मध्यम विभागाचा, म्हणजे क्रमाने लावल्यास मधोमध येणाऱ्याचा, संसर्गाचा दर हजार नळी-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आला आणि सुधारणा दीड वर्षानंतरही टिकली.

पाच ओळींच्या कागदाने हे घडले अशी समजूत पुढे जगभर पसरली. ती चुकीची आहे, आणि प्रोनोव्होस्ट यांनी स्वतःही ती खोडून काढली आहे. कागदाबरोबर तेथे आणखी पुष्कळ काही होते. लागणारे सगळे साहित्य एका ढकलगाडीवर मांडून ठेवले जाई, म्हणजे निर्जंतुक कापड आणायला तिसऱ्या खोलीत धावायला नको. डॉक्टर एखादी पायरी चुकवत असेल तर त्याला थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिला होता, आणि त्या अधिकारामागे रुग्णालयाचे प्रशासन उभे होते. प्रत्येक विभागाला एक वरिष्ठ व्यवस्थापक जोडून दिला होता. हे व्यवस्थापक विभागात जाऊन बसू लागले तेव्हा अनेक ठिकाणी क्लोरहेक्सिडिनच उपलब्ध नाही असे आढळले. यादीतली दुसरी ओळ पाळणे डॉक्टरांच्या हातातच नव्हते! खरेदीचा तो निर्णय फक्त व्यवस्थापक करू शकत होता. शिवाय संसर्गाचे आकडे विभागाला नियमितपणे परत कळवले जात.

याची उलट बाजू कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने दाखवली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची सुरक्षा-सूची प्रसिद्ध केली. यवतमाळ जिल्ह्यात मुळे असलेल्या कुटुंबातले शल्यविशारद अतुल गवांदे हे त्या कामाचे प्रमुख होते. भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी थांबायचे. चीर देण्यापूर्वीच्या थांब्यात खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत घेतलेल्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. ऑन्टारिओने अशा सूचीच्या पालनाचे आकडे जाहीर करणे रुग्णालयांना सक्तीचे केले. रुग्णालयांनी जवळजवळ शंभर टक्के पालन कळवले. १०१ रुग्णालयांच्या आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन महिन्यांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्क्यांवर, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणाऱ्या फरकाइतकेच, हलले होते. तीन महिन्यांचा काळ अपुरा होता असे काहींचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. तरीही चौकटीत खूण करणे आणि खोलीत खरोखर थांबणे यांतले अंतर हुकुमाने मिटत नाही, हे मान्य करावे लागते. वरून पालनाचा आकडा मागितला की खालून आकडाच येतो.

ज्ञानाचा प्रवाह उलट दिशेने, म्हणजे कामाच्या जागेवरून वरिष्ठांकडे जातानाही तुटतो. 'चॅलेंजर' यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी ५३ अंश फॅरेनहाइटखाली उड्डाण करू नये अशी लेखी शिफारस केली होती. थंडीत रॉकेटच्या सांध्यातले रबरी कडे ताठर होते, ही त्यांची भीती होती. नासाच्या अधिकाऱ्यांनी दूरध्वनीवरच्या बैठकीत हरकत घेतल्यावर कंपनीच्या व्यवस्थापनाने शिफारस फिरवली. दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी आयोगाच्या निष्कर्षानुसार, उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना ना त्या मूळ लेखी शिफारशीची माहिती होती, ना अभियंत्यांचा विरोध कायम असल्याची. त्या रात्री सिद्ध करण्याचे ओझेही उलटे फिरले होते: उड्डाण सुरक्षित असल्याचे दाखवा असे न म्हणता, ते असुरक्षित असल्याचे सिद्ध करा असे अभियंत्यांना सांगितले गेल्यासारखे झाले. अपुऱ्या पुराव्यावर ठाम बोलणे कोणाही प्रामाणिक तज्ज्ञाला जड जाते. म्हणून शंका आली तर थांबायचे की पुढे जायचे, हे संस्थाप्रमुखाने प्रसंग येण्याआधी ठरवून ठेवले पाहिजे, आणि असहमती मधल्या पायरीवर न गळता जशीच्या तशी वर पोचेल अशी वाट ठेवली पाहिजे.

नेतृत्वाने ज्ञान कसे हाती घ्यावे याचे स्वच्छ उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसॉल्ट खडकावर आहे, आणि या खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत थोडेच साठते. भूजलशास्त्रज्ञ ते साठवणक्षमतेच्या टक्केवारीत सांगतात. शेतकऱ्याला त्या टक्केवारीवरून कांदा लावायचा की नाही हे कळत नाही. १९८९ मध्ये सरपंच झालेले पोपटराव पवार आणि त्यांच्या ग्रामसभेने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत रुजवली. हिशोबाचा पाया कोणालाही पडताळता येईल असा आहे: एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावात पडलेला पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, वाहून आणि उडून गेलेले वजा करायचे, आणि उरलेले पाणी ग्रामसभेपुढे ठेवायचे. त्यातून आधी पिण्याचे, मग जनावरांचे, मग रब्बीचे. उरले तरच उन्हाळी पीक. जास्त पाणी खाणाऱ्या उसासारख्या पिकांना गावाने नकार दिला आणि शेतीसाठी विंधन विहिरी खोदण्यावर बंदी घातली.

या पद्धतीत शास्त्रज्ञाचे ज्ञान गावाच्या निर्णयाच्या वेळेला बांधले गेले आहे. पावसाळा सरल्यावर, रब्बीची पेरणी होण्याआधी, आकडा समोर येतो. तोच आकडा जानेवारीत आला तर त्याचा उपयोग फक्त हळहळ करण्यापुरता. तज्ज्ञांच्या अहवालांविषयी हे फार थोडे लोक बोलतात: पुष्कळ अहवाल चुकीचे नसतात, उशिरा आलेले असतात. दुसरे असे, की ताळेबंद मांडणारा आणि त्याचे परिणाम सोसणारा एकाच सभेत बसलेला असतो. पाणी कमी असेल तर गहू कोणाचा कमी होणार हे तेथेच, सर्वांदेखत ठरते. या पद्धतीचे अनुकरण अनेक गावांनी केले. जेथे फक्त तक्ता उचलला आणि ग्रामसभेला निर्णयाचा अधिकार दिला नाही तेथे तो तक्ता भिंतीवर राहिला.

तज्ज्ञांच्या बाजूने पाहिले तर या सगळ्यात त्यांना एक त्याग करावा लागतो. आपल्याला ठाऊक असलेल्यातले बहुतेक बाजूला ठेवायचे आणि त्या क्षणी त्या हाताला लागेल तेवढेच द्यायचे, हे विद्वानाला अपुरे वाटते. काय ठेवायचे हे ठरवण्यासाठी त्याला कामाच्या जागी जाऊन बसावे लागते: बाळंतिणीच्या खोलीत, शस्त्रक्रियागृहात, ग्रामसभेत. व्यवस्थापनाच्या बाजूने पाहिले तर साहित्य, अधिकार आणि वेळ या तीन गोष्टी तज्ज्ञ देऊ शकत नाही; त्या प्रमुखानेच द्यायच्या असतात, आणि त्या न देता फक्त प्रशिक्षण-शिबिरे भरवणे हा संस्थांमधला सर्वांत खर्चिक आणि निष्फळ प्रकार आहे.

म्हणून जिल्हा परिषद असो, सहकारी कारखाना असो की रुग्णालय, तज्ज्ञाला नेमणाऱ्या प्रमुखांनी त्याच्या कामाची मुदत अहवाल सादर होण्याच्या तारखेला संपवू नये. अहवालातल्या सूचना प्रत्यक्ष अमलात येऊ लागल्यावर निदान एक वर्षभर त्याला कामाच्या जागी बोलावत राहावे, काय चालते आणि काय अडते ते त्याच्या डोळ्यांसमोर येऊ द्यावे, आणि त्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.